मीटिंगमध्ये सगळे गप्प बसले. मीसुद्धा.

इंद्रायणी_मिनेसोटा

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चार दिवस नीट झोप नाही, म्हणून लिहायला बसले.

मी मूळची सोलापूरची. मिनिअ‍ॅपोलिसजवळ राहून बारा वर्षं झाली. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते. आमच्या टीममध्ये एक कृष्णवर्णीय सहकारी आहे, तिला इथे डी. म्हणते. अनुभवानं माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी नवी होते तेव्हा ऑडिटची फाइल कशी लावायची, तपासनिसाच्या कोणत्या प्रश्नाला कुठवर उत्तर द्यायचं, हे तिनं मला शेजारी बसवून शिकवलं. माझी मुलगी झाली तेव्हा दोन महिने माझं निम्मं काम तिनं ओढलं.

गेल्या गुरुवारची गोष्ट. दुसऱ्या दिवशी ग्राहक कंपनीची माणसं यायची होती. सादरीकरण डी. करणार हे महिनाभर आधी ठरलं होतं, स्लाइड्स तिच्याच. आमचे नवे विभागप्रमुख मीटिंगला आले. तिनं त्या आठवड्यात केसांच्या बारीक वेण्या घालून घेतल्या होत्या. तिच्याकडे बघून ते अकरा जणांसमोर म्हणाले, की हे केस ग्राहकासमोर प्रोफेशनल दिसणार नाहीत, उद्या दुसरं कोणीतरी उभं राहील. आणि एका मुलाचं नाव घेतलं. त्याला आमच्याकडे येऊन सात महिने झालेत.

कोणी काही बोललं नाही. मी वहीकडे बघत राहिले. वर तारीख लिहिली होती, तीच पेनानं पुन्हा पुन्हा गिरवत होते. डी.नं लॅपटॉप मिटला, स्लाइड्स त्या मुलाला पाठवते म्हणाली आणि मीटिंग पुढे सुरू झाली.

संध्याकाळी मी तिला मेसेज केला, की मला फार वाईट वाटलं, मी तुझ्या बाजूची आहे. तिचं उत्तर आलं, ‘थँक यू. पण तू खोलीत होतीस. तेव्हा बोलायचंस.’ बस, एवढंच.

२५ मे २०२०ला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून जीव गेला तो अडतिसावा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूचा चौक आमच्या तेव्हाच्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर होता. त्यानंतर जाळपोळ झाली, खिडक्या लावल्या तरी जळका वास घरात यायचा. आमच्याच भागातलं गांधी महाल नावाचं रेस्टॉरंट त्या आगीत गेलं, आणि तरी त्याचा बांगलादेशी मालक न्यायाच्या मागणीच्या बाजूनं उभा राहिला. मी त्या चौकात फुलं ठेवून आले होते. कंपनीचं पत्रक आलं ते सगळ्यांनी पुढे पाठवलं. मानेवर गुडघा ठेवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला सध्या त्याच्याबरोबरचे बाकीचे तिघे पोलीस आठवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेडरल ज्यूरीनं त्यांनाही दोषी ठरवलं, आणि त्यातल्या दोघांवरचा एक आरोप असा होता की डोळ्यांदेखत चाललेलं थांबवायला ते पुढे झाले नाहीत. ती बातमी वाचून मी नवऱ्याला म्हणाले होते, बरोबर झालं.

एका माणसाचं मरण आणि एक मीटिंग एका मापात मोजायची नाहीये मला. पण ‘बरोबर झालं’ म्हणणारी बाई गुरुवारी वहीत तारीख गिरवत बसली होती, हे मला गिळता येत नाही.

मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. ग्रीनकार्डच्या रांगेत नऊ वर्षं झाली. घराचे हप्ते आहेत. भीती वाटली हे खरं आहे. तुम्ही त्या खोलीत असतात तर काय केलं असतं? आणि आता, वेळ गेल्यावर, मी काय करू?


वाटसरू_डॅलस

ताई, मनापासून लिहिलंत. पण मी तुम्हाला थोडं सबुरीनं घ्या म्हणेन. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत घर, शाळा, गाडी सगळं आवरून निघायची वेळ आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आमच्या शेजारचे अकोल्याचे लोक गेल्या वर्षी असेच गेले, पोराचं चौथीचं वर्ष अर्धवट सोडून. तुमची सहकारी या देशाची नागरिक आहे, तिला बोलता येतं. आपण इथे पोटासाठी आलोय. आधी आपलं घर, मग जगाचं.

तुम्ही तिला मेसेज केलात तेही पुष्कळांनी केलं नसतं. स्वतःला इतकं लावून घेऊ नका.


मोहनकाका_एडिसन

वाटसरू, तुझी काळजी समजते. मी १९७९ला आलो तेव्हा माझ्याही खिशात तीच भीती होती. पण एक सांगतो.

१९८७ साली आम्ही जर्सी सिटीत राहायचो. तिथल्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं होतं, भारतीयांना या शहरातून हुसकून लावू असं. ‘डॉटबस्टर्स’ म्हणायचे ते लोक स्वतःला, डॉट म्हणजे आपली टिकली. दुकानांच्या काचा फुटल्या, बायकांच्या अंगावर वस्तू फेकल्या गेल्या. त्याच सप्टेंबरात होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. तुमची काकू वर्षभर टिकली काढून पर्समध्ये ठेवायची आणि घरी आली की लावायची.

मी तेव्हा एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. लॉकर रूममध्ये माझ्या कपाटावर रोज काही ना काही लिहिलेलं असायचं. मी रोज पुसायचो, कुणाला सांगायचो नाही. एका सकाळी आमचा युनियनचा प्रतिनिधी, कृष्णवर्णीय, सहा फूट उंच माणूस, माझ्या आधी येऊन तिथे उभा होता. त्यानं मला पुसू दिलं नाही. फोरमनला बोलावलं, प्लांट मॅनेजरला बोलावलं, शिफ्ट वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. म्हणाला, हे ज्यानं लिहिलं त्याच्याबरोबर काम करायची माझी तयारी नाही. त्यानंतर कपाटावर काही आलं नाही. त्याची नोकरी माझ्यापेक्षा काही पक्की नव्हती. त्याला चार मुलं होती.

आणि ‘आपण पोटासाठी आलो’ म्हणतोस ते आलो कुठल्या दारानं? १९४६च्या कायद्यानं भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या. ते दार १९६५च्या कायद्यानं उघडलं. ज्या वर्षांत इथल्या कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर मार खाऊन नागरी हक्कांचे कायदे करून घेतले, त्याच वर्षांतलं, त्याच लाटेतलं ते काम आहे. आपल्या ग्रीनकार्डावर त्यांचंही ऋण आहे. मला तरी ते फेडून झालंय असं वाटत नाही.


मृणाल_एचआर

इंद्रायणी, मी पंधरा वर्षं इथे मनुष्यबळ विभागात काम करते. मी वकील नाही. रोजच्या कामात जे कळलं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट, जे झालं ते नुसतं असभ्य नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं, आणि ते पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. केसांबद्दल न्यायालयांत बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत होते, म्हणून राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. कॅलिफोर्नियानं २०१९ला सुरुवात केली. तुमच्या मिनेसोटानं २०२३ मध्ये वेण्या, लॉक्स, ट्विस्ट अशा केशरचना मानवी हक्क कायद्याच्या वंशाच्या व्याख्येत घातल्या. ‘प्रोफेशनल दिसत नाही’ म्हणून काम काढून घेणं म्हणजे अगदी ज्यासाठी तो कायदा झाला तेच.

दुसरी गोष्ट, तुमच्या भीतीबद्दल. सातवं प्रकरण इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे, नागरिक असो की व्हिसावर असो. आणि फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच नाही, त्याविरुद्ध बोलणाऱ्या सहकाऱ्यालाही त्यात संरक्षण आहे. साक्ष दिली म्हणून, वरिष्ठाला ‘हे चूक आहे’ सांगितलं म्हणून तुमच्यावर सूड घेता येत नाही. कागदावर संरक्षण असलं की वाईट काही होतच नाही असं मी म्हणणार नाही, माझ्यासमोर झालेलं आहे. म्हणून व्हिसाच्या वकिलाशी एकदा बोलून ठेवा. पण ‘आपल्याला हक्कच नाही’ हे समजून गप्प बसू नका, ते खरं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिला न विचारता तक्रार करू नका. पुष्कळ भली माणसं इथे चुकतात. अपराधी वाटतं म्हणून धावत एचआरकडे जातात, आणि जिच्यावर बेतलं तिला दुसऱ्या दिवशी कळतं की आपली चौकशी सुरू झाली. ती वीस वर्षं हे सोसत आली असेल. कधी लढायचं आणि कधी सोडायचं याचा हिशोब तिचा आहे. तुमचं आहे ते एवढंच, तुम्ही काय पाहिलंत. ते आजच लिहून ठेवा. तारीख, वेळ, खोलीत कोण कोण होतं, शब्द जसेच्या तसे. ‘त्यांनी अपमान केला’ असं लिहू नका, ‘ते असं असं म्हणाले’ लिहा. कंपनीच्या लॅपटॉपवर नाही, स्वतःच्या वहीत.

तिला फेडरल आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, जायचं झालं तर साधारण १८० दिवस मिळतात, आणि मिनेसोटासारख्या राज्याची स्वतःची यंत्रणा असलेल्या ठिकाणी ३००. राज्याच्या मानवी हक्क विभागाकडे एक वर्ष. म्हणजे घाई नाही, पण फार वेळही नाही.


सिंहगडरोड

मी पुण्यात टीम लीड आहे. हा धागा वाचून माझ्याच टीमकडे पाहिलं.

आमच्याकडे मिझोरामची एक मुलगी होती. सगळे तिला लाडानं एक नाव ठेवून हाक मारायचे, त्या नावाचा अर्थ ‘चिनी’ होतो. ती हसायची, म्हणून आम्हाला वाटायचं तिला चालतं. डब्यात ती आंबवलेले बांबूचे कोंब आणायची. वास येतो म्हणून कुणीतरी पॅन्ट्रीत चिठ्ठी लावली, तेव्हापासून ती एकटी जिन्यात जेवायला लागली. मी मालवणचा. सुकट भाजल्यावर सोसायटीत काय ऐकावं लागतं हे लहानपणापासून माहीत आहे, तरी मला ती चिठ्ठी काढावीशी वाटली नाही. वर्षभर ती तिथे होती.

मार्च २०२० मध्ये रस्त्यावर तिला ‘कोरोना’ म्हणून कोणीतरी थुंकलं. ती कामावर येऊन काही न बोलता बसली. त्या महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाला सगळ्या राज्यांना लेखी सांगावं लागलं होतं की ईशान्येच्या लोकांना असा त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा, इतके प्रकार सुरू होते. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. ऑगस्ट २०१२ला अफवांनी घाबरून पुण्यातून, बंगळुरूहून, चेन्नईहून हजारो ईशान्य भारतीय गावी निघाले होते. सरकारनं घाऊक एसएमएसवर बंदी घातली होती. मी तेव्हा कॉल सेंटरला होतो, पुणे स्टेशनवर एका मित्राला सोडायला गेलो होतो. तो म्हणाला, मॅनेजरनं रजा लगेच दिली, पण ‘जाऊ नको, आम्ही आहोत’ असं एकही जण म्हणाला नाही. त्याला रजा नको होती, ते वाक्य हवं होतं.

२०१४ला दिल्लीत नीडो तानिया हा अरुणाचलचा मुलगा मारहाणीत गेला, त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. पण खासगी नोकरीत वंशावरून कोणी हिणवलं तर दाद मागायला अमेरिकेसारखा सर्वंकष कायदा आपल्याकडे आजही नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा माणसांच्या ऑफिसातही समिती लागते. वंशाच्या तक्रारीसाठी पेटीसुद्धा नसते.

ती मुलगी नोकरी सोडून गेली. निरोपाच्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, तुझ्या नावाचा नीट उच्चार काय? तिनं सांगितला. तीन वर्षांनी विचारलं मी.

आता टीममध्ये नागालँडचे दोघे आहेत. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर नावाचा उच्चार विचारून घेतला. दिवाळीची रजा आम्ही न मागता धरतो, तशी डिसेंबरची त्यांची रजा रोस्टरमध्ये आधीच धरतो, कारण दिमापूरला जाऊन यायलाच चार दिवस जातात. आणि पॅन्ट्रीत चिठ्ठ्या लावायच्या नाहीत हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. छोट्या गोष्टी आहेत, पण त्या मुलीला यातली एकही मिळाली नव्हती.


भीमाकाठ

इंद्रायणीताई, धाग्यासाठी आभार. सिंहगडरोड, तुमचेही.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आहे. मला इथे वंशावरून फारसं कोणी काही म्हटलेलं नाही. पण टीममध्ये नवा मराठी मॅनेजर आला, आनंदानं मराठीत बोलायला लागला, आणि तिसऱ्या वाक्याला विचारलं, ‘आडनाव काय?’ मी सांगितलं. मग ‘गाव कुठलं?’ मग ‘म्हणजे नक्की कुठले?’ तो काय शोधतोय हे आम्हाला शाळेपासून कळतं. दोन आठवड्यांनी शनिवारच्या जेवणाची बोलावणी बंद झाली, आणि कामाचं अर्धं ठरायचं ते त्या जेवणांतच. यात तक्रार कशाची करायची? जेवायला बोलावलं नाही याची?

जून २०२०ला कॅलिफोर्निया राज्यानं इथल्या एका बड्या कंपनीवर जातीभेदाचा दावा लावला. फ्लॉइड यांना जाऊन महिना झाला होता. आमच्या भारतीय ग्रुपवर त्या महिन्यात सगळे समतेबद्दल लिहीत होते, आणि दाव्याची बातमी मी टाकली तर म्हणाले, इथे जात आणू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलनं जातीभेदाला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या तशाच विधेयकावर राज्यपालांनी सही केली नाही.

मराठी माणसाला हा विषय नवा नाही. जोतीरावांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गुलामीविरुद्ध काम केलं. पुण्यात बसून. बाबासाहेबांनी १९४६ला डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून आलं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडच्या माणसांनी हे नातं दीडशे वर्षांपूर्वी जोडून ठेवलंय. डी.च्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकतो. तुम्हीही बघा, जमतं का.


शुक्रतारा

धाग्याचा विषय वंशभेद आहे. जात आणली की धागा भरकटतो, मागेही झालंय. संपादकांनी लक्ष द्यावं.


इंद्रायणी_मिनेसोटा

शुक्रतारा, धागाकर्ती म्हणून सांगते, हे विषयांतर नाही. भीमाकाठ यांच्या पोस्टमधलं ते जेवणाचं वाक्य वाचून मी उठून पाणी प्यायले. आमच्याकडेही शनिवारची जेवणं होतात. टीममधल्या चार भारतीयांची. डी.ला आम्ही आजवर एकदाही बोलावलेलं नाही. मनात कधी आलंच नाही.


मुक्ता_शिकागो

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. भर मीटिंगमध्ये उभं राहून बोलणं महत्त्वाचं आहेच, पण तो प्रसंग वर्षातून एकदा येतो. बाकीचे दिवस कसे जातात?

आमच्याकडे २०२० नंतर समावेशाची, म्हणजे सगळ्यांना कामात सामावून घेण्यासाठीची, समिती झाली. कृष्णवर्णीय चौघेच, चौघांनाही समितीवर घेतलं. फेब्रुवारीच्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचा कार्यक्रम त्यांनीच करायचा, कॉलेजांत भरतीला त्यांनीच जायचं, नव्या लोकांना त्यांनीच सांभाळायचं. आणि वर्षाच्या शेवटी पगारवाढीच्या कागदावर यातलं काही नाही, उलट ‘मूळ कामात लक्ष कमी’ असा शेरा. मी ते कागद पाहिलेत. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच तो दूर करायच्या कामाला, तेही फुकट, जुंपायचं. हे मला त्या केसांवरच्या वाक्याइतकंच अन्यायाचं वाटतं.

२००४ला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले होते. शिक्षण-अनुभव जुळते, नावं तेवढी वेगळी, काही गोऱ्या लोकांत असणारी तर काही कृष्णवर्णीयांत. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडनावं बदलून तसंच केलं, २००७ला ते छापून आलं. दलित आणि मुसलमान नावांना कमी बोलावणी. अर्ज वाचणाऱ्या सगळ्यांच्या मनात विष होतं असं नाही. हात आपोआप ओळखीच्या नावाकडे जातो. त्याला पद्धतच लागते.

आम्ही मुलाखतींत एक केलं. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि चर्चेच्या आधी प्रत्येकानं आपले गुण लिहून द्यायचे. आधी लिहिलेले गुण नंतर बदलायचे तर कारण सांगायचं. ‘आपल्यात बसेल असं वाटत नाही’ हे कारण चालणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत लोक चिडले. पण आपण ज्याला ‘अंदाज’ म्हणत होतो तो पुष्कळदा नुसती ओळखीची चाहूल होती, हे मला स्वतःच्या कागदावर दिसलं.

मीटिंगमध्ये आणखी एक. कोणाचा मुद्दा दुसऱ्याच्या तोंडून आला की जी कोणी ऐकत असेल तिनं म्हणायचं, ‘हे मघाशी डी.नं सांगितलं होतं, तिच्याकडूनच पुढचं ऐकू या.’ एवढ्याला धाडस लागत नाही, लक्ष लागतं.


चौकार_षटकार

मृणालताईंनी कायदा सांगितला, मी मैदान सांगतो. जानेवारी २०२१, सिडनी. मोहम्मद सिराजचा दुसरा कसोटी सामना, दौऱ्यात असतानाच वडील गेलेले. सीमारेषेजवळ प्रेक्षक त्याला वंशावरून बोलले. आदल्या दिवशीही झालं होतं, संघानं तक्रार केली होती. चौथ्या दिवशी पुन्हा झालं तसं त्यानं कर्णधाराला सांगितलं. आपला अजिंक्य रहाणे, डोंबिवलीत वाढलेला. तो सिराजला घेऊन पंचांकडे गेला आणि खेळ थांबला. सगळ्या जगासमोर थांबला. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला, यांनी खेळायचं ठरवलं. सहा जणांना बाहेर काढलं.

क्रिकेटपटूचं ऑफिस म्हणजे मैदान. नवख्या पोरानं सांगितलं आणि वरच्यानं ‘सोड रे, लक्ष देऊ नको’ म्हटलं नाही, हे मला त्या मालिकेतल्या विजयाइतकंच लक्षात आहे.


कोकणकडा

चौकार_षटकार, एक दुरुस्ती. त्या सहा जणांनी तसं केलं नव्हतं असं नंतर चौकशीत निघालं. पण भारतीय खेळाडूंवर वांशिक शेरेबाजी झाली हे ऑस्ट्रेलियाच्या मंडळानं मान्य केलं. बाकी सहमत. शिवाय यातून हेही दिसतं की तक्रार खरी असली तरी चुकीच्या माणसाला पकडलं जाऊ शकतं. म्हणून मृणालताई म्हणतात तशी शब्दशः नोंद हवी.


वाटसरू_डॅलस

सगळं वाचलं. मोहनकाका, तुमच्या त्या युनियनच्या माणसाची गोष्ट दोनदा वाचली.

तरी माझी शंका आहे. आता वारं फिरलंय. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशानं सरकारी खात्यांतले समावेशाचे कार्यक्रम बंद झाले, सरकारी कंत्राटदारांना भेदभावाविरुद्ध पावलं उचलायला लावणारा १९६५चा आदेशही रद्द केला. मोठमोठ्या कंपन्यांनी आपापले विभाग गुंडाळले. अशा वेळी व्हिसावरच्या बाईनं तोंड उघडावं असं तुम्हाला खरंच वाटतं?


मृणाल_एचआर

वाटसरू, प्रश्न रास्त आहे. पण अध्यक्षांच्या आदेशानं १९६४चा कायदा रद्द होत नाही, तो काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं केलेला आहे. मिनेसोटाचा राज्याचा कायदाही जागेवर आहे. कार्यक्रम बंद झाले, बॅनर उतरले, समित्या गेल्या. एखाद्याचं काम त्याच्या केसांवरून काढून घेणं तेव्हाही बेकायदा होतं, आजही आहे. उलट कंपनीची यंत्रणा मागे गेली की खोलीतल्या माणसांवरच जास्त येऊन पडतं.


इंद्रायणी_मिनेसोटा

दहा दिवसांनी लिहिते आहे, माफ करा.

मी डी.ला कॉफीला बोलावलं. माफी मागितली, आणि मृणालताईंनी सांगितलं तसं विचारलं, तुला मी काय करायला हवंय? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, माझ्यासाठी तक्रार करू नकोस, ती करायची की नाही मी बघते. पण विचारलं गेलं तर तू काय ऐकलंस ते सांगशील का? मी हो म्हणाले. ती म्हणाली, याआधीही दोघांनी हो म्हटलं होतं, एका जुन्या नोकरीत, आणि चौकशीच्या दिवशी दोघांनाही नीट आठवत नव्हतं.

त्या रात्री मी तिला माझी नोंद दाखवली. तारीख, वेळ, अकरा नावं, वाक्य. तिनं वाचली आणि एक शब्द दुरुस्त केला. मी ‘केस’ लिहिलं होतं, ते ‘असले केस’ म्हणाले होते.

सोमवारी तिनं तक्रार दिली. साक्षीदार म्हणून माझं नाव तिनं मला विचारून घातलं. व्हिसाच्या वकिलाला मी आधीच फोन केला होता. त्यानं धोका नाही असं म्हटलं नाही, पण सगळी कागदपत्रं घरी काढून ठेवायला सांगितली, ती ठेवली. नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मोहनकाकांची पोस्ट मलाही वाचून दाखव.

एचआरनं मला तासभर बसवलं. नोंद पुढे ठेवली तसा बाईंचा सूर बदलला. अकरापैकी आणखी दोघांनी नंतर मला सांगितलं की त्यांनीही लिहून ठेवलं होतं, कुणीतरी सुरुवात करायची वाट बघत होते. सात महिन्यांपूर्वी कंपनीत आलेला तो मुलगाही त्यांत आहे. बाकीच्यांपैकी तिघं आता माझ्याशी कामापुरतं बोलतात, त्यातला एक आपला मराठी आहे. विभागप्रमुखांनी डी.ला ‘गैरसमज झाला असेल तर’ असा ईमेल पाठवला. तिनं उत्तर दिलेलं नाही. चौकशी सुरू आहे, पुढची भेट मंगळवारी.

शनिवारी तिला आणि तिच्या मुलांना जेवायला बोलावलं होतं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, आमटी. मुलांनी भाकरी दोनदा मागून घेतली. ऑफिसचा विषय निघाला नाही.


भीमाकाठ

ताई, वाचलं. त्या मराठी सहकाऱ्याशी मीच बोलू का? ओळख नाही, पण फोन करू शकतो. तुम्ही म्हणाल तसं.


मृणाल_एचआर

मंगळवारची भेट झाली की काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, ते त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. आणि चौकशी चालू असताना तुमच्या कामाबद्दल अचानक नवा शेरा आला तर तोही तारखेसकट टिपून ठेवा.


वाटसरू_डॅलस

इंद्रायणीताई, नोकरीचं काही वाकडं झालं तर मला संपर्कातून निरोप टाका. आमच्या कंपनीत तपासणीच्या दोन जागा आहेत, व्हिसा ट्रान्सफर करतात. वेळ येऊ नये, पण आली तर साठ दिवस थांबू नका, पहिल्याच दिवशी कळवा.